समानुभूती आणि सामाजिक संघर्ष

समानुभूती : दुसऱ्याचा अनुभव त्याच्या जागी जाऊन समजून घेणे आणि तो समजला आहे हे त्याला जाणवेल असे बोलणे, ही मानसोपचारातील क्षमता. तदनुभूती व परानुभूती हे पर्यायही मराठीत वापरात आहेत. सहानुभूतीत कळवळा गृहीत असतो, समानुभूतीत तो असेलच असे नाही. ज्याचे वागणे निंद्य वाटते त्याच्याबाबतही ती शक्य असते. हिंसेच्या संदर्भात तिचा विचार होतो तो या कारणाने. पुढे गोव्यातील उदाहरणेही घेतली आहेत.

संकल्पनेचा उगम सौंदर्यशास्त्रात आहे. रोबेर्ट फिशर याने १८७३ मध्ये ‘आइनफ्यूलुंग’ (आत शिरून अनुभवणे) ही जर्मन संज्ञा कलाकृतीच्या आस्वादासाठी योजली. टेओडोर लिप्स याने ती मानसशास्त्रात आणली. ‘एम्पथी’ हा इंग्रजी शब्द एडवर्ड टिचनर याने १९०९ मध्ये छापील स्वरूपात वापरला. जेम्स वॉर्ड यानेही तो त्याच सुमारास सुचवला होता, असे मानले जाते. काही भारतीय लेखक ही कल्पना काव्यशास्त्रातील ‘सहृदय’ (काव्याशी समरस होणारा रसिक) व ‘साधारणीकरण’ (काव्यातील भाव सर्वांचा होणे) यांच्याशी जोडतात. मात्र साधारणीकरणात ‘हे याचे, ते त्याचे’ हा भेद गळतो, तर उपचारात तो जपावा लागतो. तेव्हा हे नाते तुलनेपुरते ठेवणे बरे.

हा भेद अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) याच्या १९५७ च्या मांडणीत स्पष्ट आहे. समोरच्याचे जग ‘जणू’ आपलेच आहे असे अनुभवावे, पण ‘जणू’ विसरू नये. तो सुटला की समुपदेशक स्वतःच संतापात किंवा भीतीत ओढला जातो. रॉजर्सने १९७५ मध्ये समानुभूतीला अवस्थेऐवजी प्रक्रिया म्हटले, आणि प्रशिक्षणाच्या दृष्टीने हीच मांडणी अधिक उपयोगी ठरते.

गोव्यातील कांदोळीत जन्मलेला आबे फारिया (१७५६–१८१९) याला कधी कधी या परंपरेचा पूर्वसूरी म्हटले जाते. त्याचे कार्य संमोहनाचे होते, ऐकण्याचे नव्हे. संमोहनाचे कारण प्रयोगकर्त्याच्या अंगच्या शक्तीत नसून समोरच्या व्यक्तीच्या मनात आहे, हा त्याचा मुद्दा मात्र येथे जवळचा ठरतो. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी असलेल्या पुतळ्यात (१९४५) तो कोसळत्या स्त्रीवर हात रोखून उभा आहे. त्याच्या मताचा याहून विपरीत देखावा शिल्पकाराला क्वचितच सुचला असता.

प्रत्यक्ष तंत्र साधे दिसते : मोकळे प्रश्न, ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगून पडताळणे, बोलण्यामागची भावना ओळखणे आणि निवाडा राखून ठेवणे. अवघड असतो तो शेवटचा भाग.

गोव्यातील पुरावा मुख्यतः मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातील ‘संगाथ’ (स्थापना १९९६) या संस्थेच्या कामातून येतो. प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराचे व्यावसायिक शिक्षण नसलेल्या पण प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांकरवी दोन उपचारांच्या चाचण्या झाल्या. निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नैराश्याच्या चाचणीत (४९५ रुग्ण) उपचार मिळालेल्या स्त्रियांनी जोडीदाराकडून होणारी मारहाण कमी नोंदवली. घातक मद्यपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत (३७७) दारू आटोक्यात येणाऱ्यांचे प्रमाण वाढले (३६ टक्के, तुलना गटात २६), पण जोडीदारावरील हिंसेत फरक दिसला नाही. पहिल्या उपचाराचा गाभा दैनंदिन क्रिया वाढवण्याचा होता, त्यामुळे श्रेय एकट्या समानुभूतीला देता येत नाही. दुसऱ्या चाचणीवरून, पिणाऱ्याचे नीट ऐकून घेतल्याने हात उगारणे आपोआप थांबते, हा समज तरी टिकत नाही.

गटांमधील वैराबाबत पुरावा विरळ होत जातो. रॉजर्सने बेलफास्टच्या कॅथलिक व प्रॉटेस्टंट रहिवाशांना १९७२ मध्ये एकत्र बसवले; १९८५ मध्ये ऑस्ट्रियातील रुस्ट येथे मध्य अमेरिकेच्या प्रश्नावर असाच मेळावा घेतला. त्याचा विद्यार्थी मार्शल रोझेनबर्ग याने हीच कौशल्ये ‘अहिंसक संवाद’ या नावाने मांडली. मानसशास्त्रज्ञ पॉल ब्लूम यांचा आक्षेप असा, की समानुभूती जवळच्याकडे झुकते आणि आपल्या माणसाच्या वेदनेतून सूडही पेटतो. येथेही रॉजर्सचा ‘जणू’ सुटलेला असतो, असे उत्तर देता येईल. ब्लूम यांना ते कितपत पटेल ही शंका आहे.

गोव्यातील विभागणी अनेकपदरी आहे : १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलातील ‘फूल’ (महाराष्ट्रात विलीनीकरण) व ‘दोन पाने’ (वेगळा केंद्रशासित प्रदेश) ही चिन्हे, १९८७ च्या राजभाषा कायद्यापूर्वीचे कोंकणी-मराठी आंदोलन, २००६ मधील सावर्डे-कुडचडेतील धार्मिक तणाव. गावपातळीवर तंटे गावकरी (गावच्या जमिनीचे परंपरागत हक्कदार), महाजन (देवळाचे परंपरागत व्यवस्थापक), पाद्री किंवा देवाचा कौल यांच्याकडे जात. या सर्वांकडून निर्णय मिळे. समुपदेशक तो देत नाही.

कवळे येथील शांतादुर्गेची कथा या संदर्भात सांगितली जाते. शिव आणि विष्णू यांचे युद्ध तिने मध्ये पडून शमवले, म्हणून ती ‘शांता’. वारुळाच्या रूपात पुजली जाणारी ग्रामदेवता सांतेरी हे तिचे मूळ असावे व नावाची ही उपपत्ती मागाहूनची असावी, असे एक मत आहे आणि ते ग्राह्य वाटते. समुपदेशनाच्या लेखनात तिचा दाखला देण्याचा मोह होतो. मात्र प्रचलित कथेत ती दोघांचे ऐकून घेत बसत नाही. एकाला उजव्या, दुसऱ्याला डाव्या हाताने धरून बाजूला करते.