नंबरप्लेट दिसत नाही, पूर मात्र दिसतो

चिकोडी-रायबागकडे कृष्णा पात्राबाहेर आली की आमच्या बेळगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उपग्रहांचे मेसेज सुरू होतात. ताजा नमुना: ‘युरोपच्या गुप्तहेर केंद्राला अवकाशातून गाडीची नंबरप्लेट वाचता येते.’ केंद्र खरं आहे, नंबरप्लेट खोटी.

केंद्राचं नाव युरोपियन युनियन सॅटेलाइट सेंटर. स्पेनमध्ये माद्रिदजवळ तोरेहोन इथे १९९२ पासून आहे, २००२ मध्ये ते युरोपियन युनियनकडे आलं. युनियनचे आज २७ देश. गंमत म्हणजे केंद्राचा स्वतःचा एकही उपग्रह नाही. सदस्य देशांकडून, खासगी कंपन्यांकडून चित्रं घ्यायची आणि त्यातून अर्थ काढून द्यायचा, एवढंच काम.

नंबरप्लेटचं म्हणाल तर हबल या अवकाश दुर्बिणीएवढा, २.४ मीटरचा आरसा २५० किलोमीटर उंचीवरून खाली रोखला तरी प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे लहरींच्या पसरण्यामुळे, सुमारे सहा सेंटिमीटरच्या आतले दोन ठिपके एकच दिसतात. पाटीवरच्या अक्षराची रेघ सेंटिमीटरभर. त्यात पाटी उभी आणि कॅमेरा डोक्यावर! शिवाय खानापूरवरचे श्रावणातले ढग कुठल्याच आरशाला दाद देत नाहीत.

खरी करामत रडारची. युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाची लहर ५.६ सेंटिमीटरची, ढगातला थेंब मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा. लहर त्याला जुमानत नाही, रात्रीही चालते. अडचण अशी की अँटेना १२.३ मीटरची आणि जमीन ७००-८०० किलोमीटर दूर, त्यामुळे झोत खाली पोचेपर्यंत साडेतीन-चार किलोमीटर पसरतो. त्यात अख्खं गाव मावेल, शेत काय दिसणार?

पण उपग्रह धावतोय. गावातला एखादा बांध झोतात असेपर्यंत त्यावरून शेकडो प्रतिध्वनी परततात. उपग्रह जवळ येताना त्यांची वारंवारता किंचित चढते, दूर जाताना उतरते. शेजारच्या बांधाचा चढउतार क्षणभर मागेपुढे. संगणक या सगळ्या प्रतिध्वनींची कला, म्हणजे लहरींचे उंचवटे-खळगे, जुळवून बेरीज करतो आणि जणू काही किलोमीटर लांबीची अँटेना तयार होते. आता नीट बघा: अंतर वाढलं की झोत रुंदावतो, बांध जास्त वेळ दिसतो, म्हणजे ही मानीव अँटेनाही तेवढीच लांबते. दोन्ही परिणाम एकमेकांना छेदतात आणि उत्तरातून अंतर चक्क गळून जातं! उरते खऱ्या अँटेनाची निम्मी लांबी, साधारण सहा मीटर; एवढ्या अंतरावरच्या दोन गोष्टी वेगळ्या दिसतात. लहान अँटेना, अधिक बारकावा. मला हे गणित आजही जादूसारखं वाटतं. (मोठा पट्टा टिपायचा असेल तर सेंटिनेल २० मीटरवर समाधान मानतो.)

सपाट पाण्यावर बॅटरी मारली तर उजेड पुढे निघून जातो, आपल्याकडे परतत नाही. रडारला म्हणूनच पुराचं पाणी काळं दिसतं. सेंटिनेलची चित्रं कुणालाही फुकट मिळतात. नक्षत्राचं वाहन बेडूक की म्हैस यावर पुराचा अंदाज बांधणाऱ्यांनी एकदा उघडून पाहावीत.

घोळ होतो तो उसात. गेल्या वर्षीच्या आडसाली लागणीचा ऊस ऑगस्टात डोक्याच्या वर असतो. सेंटिनेलची लहर पानांतच विखुरते, खालचं पाणी कळतच नाही. जुलै २०२५ मध्ये अवकाशात गेलेल्या निसार या नासा-इस्रोच्या रडार उपग्रहाची २४ सेंटिमीटरची लहर मात्र आत घुसते, पाण्यावर आपटून कांड्यावर आदळते आणि जोरात परतते. बुडालेलं शेत तिथे काळं नाही, उजळ दिसतं. तोरेहोनमधल्या विश्लेषकाला अथणीचा आडसाली ऊस ठाऊक नसला, तर तो उजळ तुकडा तो कोरडा म्हणून सोडून देईल.