उघड बाजूपासून विकत घेतलेल्या बातमीपर्यंत

वृत्तपत्राने राजकीय नेत्यांविषयी तटस्थ असावे, ही अपेक्षा मराठी पत्रकारितेत तशी उशिरा रुजली. १८८१ सालचा ‘केसरी’ आणि आगरकरांनी १८८८ मध्ये काढलेला ‘सुधारक’ ही मते मांडणारी पत्रेच होती, आणि त्यांची बाजू कोणती, हे वाचकाला अंक उघडण्याआधीच ठाऊक असे. १९५६ मध्ये आचार्य अत्रे यांनी सुरू केलेल्या ‘मराठा’ने संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात सत्ताधाऱ्यांवर जो मारा केला तो एकतर्फीच होता, पण त्यात लपवाछपवी नव्हती.

या परंपरेतला खरा अन्याय ज्यांना जागाच मिळाली नाही त्यांच्या वाट्याला आला. सत्यशोधकांना १८७७ मध्ये स्वतःचे ‘दीनबंधु’ काढावे लागले. आणि जानेवारी १९२० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केले, तेव्हा पैसे देऊ केले असतानाही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही.

पुढे मोठी दैनिके स्वतःला निःपक्ष म्हणवू लागली आणि वाचकानेही बातमीवर त्या भरवशाने विश्वास टाकला. ‘पेड न्यूज’च्या धंद्याने नेमका तोच विश्वास विकायला काढला. उमेदवाराने वृत्तपत्राकडून पैसे मोजून ‘पॅकेज’ घ्यायचे आणि त्याची स्तुती बातमीच्या रूपात छापून यायची. ‘जाहिरात’ हा शब्द तेवढा कुठे दिसायचा नाही.

१३ ऑक्टोबर २००९ रोजी महाराष्ट्र विधानसभेसाठी मतदान झाले. त्याआधीच्या दिवसांत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचे गुणगान करणारा एकच मजकूर परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत शब्दही न बदलता छापून आला होता, तर ‘अशोकपर्व’ नावाने पानेच्या पाने सजली होती. भोकर मतदारसंघातील आपल्या खर्चाच्या हिशेबात मात्र चव्हाण यांनी वृत्तपत्रांतील जाहिरातींवर ५,३७९ रुपये दाखवले होते. पत्रकार पी. साईनाथ यांनी नोव्हेंबर २००९ मध्ये ‘द हिंदू’तून हे उघड केले, पैसे दिल्याचा आरोप चव्हाण यांनी नाकारला. वेगवेगळ्या कार्यालयांत बसलेल्या वार्ताहरांना तीच वाक्ये त्याच क्रमाने कशी सुचली, या साध्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर वाचकाला अजून कोणी दिलेले नाही, असे माझे मत आहे.

भारतीय प्रेस कौन्सिलने नेमलेल्या दोन सदस्यांच्या उपसमितीने २०१० मध्ये वृत्तपत्रांची नावे घेऊन ७१ पानांचा अहवाल दिला, परंतु कौन्सिलने आधी त्याचा संक्षेपच स्वीकारला. पूर्ण अहवाल केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये लोकांसमोर आला. ज्या संस्थेने वृत्तपत्रांना जाब विचारायचा, तिनेच नावे झाकावीत, ही गोष्ट आजही सलते.

कायद्याची वाट त्याहून अवघड निघाली. उत्तर प्रदेशातील बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना पेड न्यूजचा खर्च हिशेबात न दाखवल्यावरून ऑक्टोबर २०११ मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरवण्यात आले. चव्हाण प्रकरणात मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक आयोगाला हिशेबाच्या खरेपणाची चौकशी करता येते असे सांगितले, जुलैमध्ये आयोगाने त्यांच्याविरुद्ध निष्कर्ष नोंदवला आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाची कारवाई रद्द केली. पेड न्यूजला स्वतंत्र निवडणूक गुन्हा ठरवावे, असे आयोगाने सुचवले आणि विधी आयोगाच्या मार्च २०१५ च्या अहवालानेही तीच शिफारस केली. तसा कायदा होईपर्यंत निवडणूक आयोगाच्या हाती उरतो तो खर्चाचा हिशेब, म्हणजे संशयास्पद बातमीची किंमत काढून ती उमेदवाराच्या खर्चात धरणे. छापणाऱ्या वृत्तपत्राला त्याची झळ लागत नाही.