सौरवात आणि अवकाश हवामानाचा अंदाज : इंदूर परिसर

सूर्याच्या किरीटातून, म्हणजे त्याच्या सर्वांत बाहेरच्या तप्त वातावरणातून, सर्व दिशांना अखंड वाहणाऱ्या विद्युत्भारित कणांच्या प्रवाहाला सौरवात म्हणतात. त्यात मुख्यतः प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांच्याबरोबर सूर्याचे चुंबकीय क्षेत्रही दूरवर ओढले जाते. पृथ्वीजवळ त्याचा वेग साधारणतः सेकंदाला 300 ते 800 किलोमीटर असतो. एका घन सेंटिमीटरात मात्र जेमतेम पाच-दहा कण सापडतात. या विरळ प्रवाहाच्या चढउतारांमुळे पृथ्वीभोवतीच्या चुंबकांबरात (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या प्रभावाखालील अवकाशात) आणि आयनांबरात (वातावरणाच्या वरच्या, विद्युत्भारित थरात) जे बदल होतात, ते म्हणजे अवकाश हवामान.

धूमकेतूंच्या शेपट्या सूर्यापासून दूर वळलेल्या दिसतात, त्यावरून लुडविग बीरमान यांनी 1951 मध्ये अशा प्रवाहाचा कयास बांधला. यूजीन पार्कर यांनी 1958 मध्ये त्याचे गणित मांडले, तेव्हा परीक्षकांनी लेख नाकारला होता. नियतकालिकाचे संपादक सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनाही निष्कर्ष पटला नव्हता, पण गणितात चूक निघेना म्हणून त्यांनी तो छापला. मरिनर-2 यानाने 1962 मध्ये या प्रवाहाचे सलग मोजमाप केले.

या विषयातली भारताची नोंद जुनी आणि मोलाची आहे. 2 सप्टेंबर 1859 रोजी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत क्षैतिज चुंबकीय क्षेत्र सुमारे 1,600 नॅनोटेस्लांनी (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) घसरलेले टिपले गेले. सौरवातामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात उठणाऱ्या खळबळीला भूचुंबकीय वादळ म्हणतात. अशा ज्ञात वादळांपैकी सर्वांत तीव्र वादळांत गणल्या जाणाऱ्या त्या घटनेचा अंदाज आजही याच आकड्यांवरून बांधतात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय निरीक्षणे पुढे अलिबागला हलवली गेली. नवी मुंबईतील भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या वेधशाळांच्या साखळीत उज्जैनचाही समावेश राहिला आहे. इंदूरहून महाकालाच्या दर्शनाला जाणारे अनेक मराठी लोक जयसिंहाची जुनी वेधशाळा आवर्जून पाहतात. त्याच गावात चुंबकीय सुईचीही वही ठेवली गेली, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. अशा आलेखावर वादळ ओळखता येते : सौरवाताचा धक्का बसताच काही मिनिटांत रेषा एकदम वर उडते, मग काही तास खाली खाली जाते आणि पूर्वपदावर यायला तिला दोन-तीन दिवस किंवा अधिकही लागतात.

इंदूर 22.7° उत्तर अक्षांशावर आहे. येथे वादळाचा परिणाम डोळ्यांना दिसत नाही. मे 2024 च्या मोठ्या वादळात लडाखमधील हानले येथे तांबडा प्रकाश टिपला गेला, इंदूरच्या आकाशात तसे काही नव्हते. तरीही अवकाश हवामानाच्या दृष्टीने ही जागा देशातल्या सर्वांत संवेदनशील पट्ट्यांपैकी एका पट्ट्यात येते. चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे जेथे पृथ्वीच्या चुंबकीय रेषा जमिनीला समांतर असतात ती रेषा, भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. दिवसा तेथील पूर्वाभिमुख विद्युत क्षेत्र आयनद्रायूला (आयन आणि इलेक्ट्रॉन यांच्या विद्युत्भारित वायूला) कारंज्यासारखे वर उचलते. तो चुंबकीय रेषांवरून उत्तर-दक्षिणेला घसरत येतो आणि सुमारे 15° चुंबकीय अक्षांशांच्या आसपास साचतो. त्यातला उत्तरेकडचा साठा इंदूर, भोपाळ, अहमदाबाद या भागावर असतो. म्हणून दुपारनंतर येथील आकाशात इलेक्ट्रॉनांची संख्या बहुधा खुद्द विषुववृत्तावरच्यापेक्षाही जास्त भरते.

दर चौरस मीटरच्या उभ्या स्तंभात 10¹⁶ इलेक्ट्रॉन असले, तर जीपीएसच्या मुख्य वारंवारतेवर अंतर सुमारे 16 सेंटिमीटरने चुकते. सौर कमालीच्या, म्हणजे सूर्य सर्वाधिक सक्रिय असण्याच्या, वर्षांत इलेक्ट्रॉनांची संख्या याच्या शंभर पटींवर जाते, म्हणजे चूक 16 मीटर. नाविक या भारतीय उपग्रह-दिशादर्शन यंत्रणेसारख्या यंत्रणेत दोन वारंवारता वापरून ती बरीचशी काढून टाकता येते. सूर्यास्तानंतर आयनांबरात उठणाऱ्या विरळ बुडबुड्यांवर मात्र हा उपाय चालत नाही. त्यांतून जाताना संदेश लुकलुकतो आणि ग्राहकयंत्राची पकडच सुटते. सिमरोल येथील आयआयटी इंदूरमध्ये जीपीएस आणि नाविक यांच्या संदेशांवरून याच आयनांबराचा अभ्यास चालतो.

अंदाजाची खरी अडचण दोन ठिकाणी आहे. सूर्यावरून द्रव्याचा मोठा लोट निघाला की प्रभामंडललेखीच्या (सूर्याची तबकडी झाकून भोवतीचा किरीट टिपणाऱ्या उपकरणाच्या) चित्रांवरून त्याचा वेग काढता येतो, पण तो पृथ्वीवर केव्हा पोहोचेल हे सांगताना आजच्या प्रारूपांची सरासरी चूक दहा-बारा तासांच्या घरात असते. दुसरे म्हणजे त्याच्या पोटातले चुंबकीय क्षेत्र. ते दक्षिणाभिमुख असले तर पृथ्वीच्या क्षेत्राशी जुळून ऊर्जा आत शिरते, उत्तराभिमुख असले तर वादळ बरेचदा सौम्य राहते. ही दिशा दुरून वाचता येत नाही. लोट प्रत्यक्ष यानावर आदळावा लागतो. पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवरच्या एल-1 बिंदूजवळ (सूर्य आणि पृथ्वी यांच्या दरम्यान, जेथे यान दोघांच्या सापेक्ष जवळजवळ एकाच जागी राहू शकते) अमेरिकेची एस आणि डिस्कव्हर ही सौरवात मोजणारी याने पाठवली गेली. भारताचे आदित्य-एल1 2 सप्टेंबर 2023 रोजी निघाले आणि 6 जानेवारी 2024 रोजी तेथील कक्षेत स्थिरावले. त्यावर सौरवाताचे कण मोजणारे ॲस्पेक्स हे उपकरण अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे आहे. चुंबकीय क्षेत्र मोजणारे मॅग्नेटोमीटरही त्या यानावर आहे.

इंदूरपुरते पाहिले तर वादळ किती मोठे यापेक्षा ते किती वाजता येते याला अधिक वजन द्यावे लागते. वादळाचा मुख्य टप्पा (आलेखाची रेषा खाली जाते तो काळ) भारतातल्या संध्याकाळी आला, तर चुंबकांबरातून शिरलेले विद्युत क्षेत्र कारंजे आणखी उंच नेते आणि बुडबुडे बळावतात. मध्यरात्रीनंतर आला तर परिणाम वेगळा होतो. काही तासांनी वरच्या वातावरणातले बदललेले वारे उलट दिशेचे क्षेत्र तयार करतात आणि तेच कारंजे दबते. त्यामुळे दहा-बारा तासांची चूक येथे अंदाजाचा अर्थच फिरवते. एल-1 वरून मिळणारी सूचना खात्रीची असते, पण सेकंदाला 800 किलोमीटर वेगाच्या प्रवाहासाठी ती जेमतेम अर्धा तास आधी मिळते आणि 400 किलोमीटर वेग असेल तर सुमारे एक तास.