झाडावरची माती

कोस्टा रिकातल्या मोंतेवेर्देच्या ढगांतल्या जंगलात झिपलाइन करून आलेल्यांची एक ठरलेली तक्रार असते : पैसे गेले, दिसलं काहीच नाही. हार्नेस आवळला, तारेवरून सुसाट निघालो आणि दुसऱ्याच मिनिटाला पांढऱ्या भिंतीत शिरलो. चष्म्यावर पाणी, कॅमेऱ्यावर पाणी. ज्या केत्साल पक्ष्यासाठी अर्धी पृथ्वी ओलांडली (आपल्या सह्याद्रीतल्या मलबार ट्रोगनचाच हा नातेवाईक), तो त्या पांढऱ्यात कुठेतरी बसलेला. ऐन पावसाळ्यात महाबळेश्वरचे पॉइंट बघायला जाऊन नुसतं धुकं बघून परतलेल्यांना हे दुःख वेगळं समजावायला नको.

पण मला ही तक्रार पटत नाही. ते पांढरं म्हणजेच मोंतेवेर्दे. बाकीचं सगळं, केत्सालसकट, त्याच्या जिवावर उभं आहे.

कोस्टा रिका हा मध्य अमेरिकेतला चिमुकला देश. महाराष्ट्राचे सहा भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा. एका अंगाला कॅरिबियन समुद्र, दुसऱ्या अंगाला प्रशांत महासागर आणि मध्ये डोंगरांचा कणा. कॅरिबियनवरून येणारे व्यापारी वारे बाष्प घेऊन या कण्यावर आपटतात, वर चढतात, थंड होतात आणि माथ्याजवळ ढग होऊन रेंगाळतात. सह्याद्रीवर नैर्ऋत्य मोसमी वारे करतात तेच, फक्त इथे चार महिन्यांत खेळ आटोपत नाही. जानेवारी ते एप्रिल या कोरड्या दिवसांत पाऊस जवळजवळ थांबतो, तरी वारा ढग आणतच राहतो. मोंतेवेर्देत वर्षाला साधारण २,५०० मिलिमीटर पाऊस मोजला जातो. आपल्या आंबोलीत त्याच्या दुपटीहून जास्त पडतो, पण पुढे कित्येक महिने कोरडे जातात. जंगलाच्या दृष्टीने किती पडलं याच्याइतकंच महत्त्वाचं असतं ते किती दिवस ओलं राहिलं.

आणि ढगाचं पाणी पर्जन्यमापकात नीट पडतच नाही. ढगातले थेंब इतके बारीक असतात की खाली पडण्याऐवजी ते वाऱ्याबरोबर आडवे वाहतात. वाटेत पान, काटकी, हरितेचं (मॉसचं) केसाएवढं टोक आलं की त्यावर चिकटतात. एकाला दुसरा मिळतो, दुसऱ्याला तिसरा, थेंब जड होतो आणि ओघळतो. म्हणून इथे आभाळातून पाऊस नसतानाही झाडाखाली टपटप चालू असते. जंगल अक्षरशः ढगाला गाळणी लावून बसलेलं आहे.

ही गाळणी कशाची? तर झाडांवर वाढणाऱ्या वनस्पतींची. वनस्पतिशास्त्रात त्यांना अपिवनस्पती म्हणतात. आपल्याकडे झाडावर काहीही उगवलेलं दिसलं की लोक ‘बांडगूळ’ म्हणून मोकळे होतात, तो या बिचाऱ्यांवर अन्याय आहे. बांडगूळ झाडाच्या आत मुळं घुसवून रस ओढतं. अपिवनस्पतीला झाडाकडून फक्त बसायला जागा हवी असते. पाणी आणि क्षार ती धुक्यातून, धुळीतून, पालापाचोळ्यातून मिळवते. मोंतेवेर्देतल्या एखाद्या जुन्या फांदीवर हरिता, नेचे, आमरी (ऑर्किड), अननसाच्या कुळातली ब्रोमेलियाड अशी इतकी दाटी असते की फांदीची मूळ साल शोधावी लागते. ब्रोमेलियाडच्या पानांच्या पेल्यात पाणी साठतं आणि त्या वाटीभर तळ्यात किड्यांच्या अळ्या वळवळत असतात.

ही दाटी मरते, कुजते, तिच्यावर नवी उगवते. वर्षानुवर्षं असं झालं की फांदीवर माती तयार होते. खरीखुरी माती : काळी, भुसभुशीत, स्पंजासारखी, दाबली की पाणी सुटणारी, कुठे कुठे वीतभर जाड. जमिनीपासून वीस-पंचवीस मीटर उंचीवर. तिच्यात गांडुळं, कोळी, भुंगेरे सगळे आहेत. त्यांतल्या काहींना तिथे राहताना खाली खरी जमीन आहे याचा पत्ताही नसेल.

माणसालाही या मातीचा पत्ता फार उशिरा लागला, कारण वर जायचं कसं हाच प्रश्न होता. १९७०च्या दशकात डोनाल्ड पेरी या जीवशास्त्रज्ञाने कोस्टा रिकाच्याच ला सेल्वा इथल्या जंगलात धनुष्यबाणाने झाडांवर दोर फेकून शेंड्यांमध्ये फिरायची सोय केली. पुढे नव्वदच्या दशकात मोंतेवेर्देत पर्यटकांसाठी ‘कॅनपी टूर’ सुरू झाल्या. आज गावोगावच्या रिसॉर्टमध्ये जी झिपलाइन असते, तिच्या घराण्याचा मूळ पुरुष असा संशोधकाच्या दोराशी जाऊन पोचतो.

दोरावरून वर जाणाऱ्यांतलं आणखी एक नाव मराठी कानाला ओळखीचं वाटेल : नलिनी नाडकर्णी. वडील भारतातून अमेरिकेत गेलेले, त्या वाढल्या तिकडेच. पदवीनंतरचं संशोधन करताना त्या गिर्यारोहकांचे दोर घेऊन वॉशिंग्टन राज्यातल्या ओल्या जंगलात मेपलच्या झाडांवर चढल्या. फांदीवरचा हरितेचा जाड थर बाजूला केला तर त्याखाली मुळं होती. नेच्यांची असतील म्हणून त्या मागोवा घेत गेल्या, तर ती मुळं ज्या झाडावर त्या लटकत होत्या त्याच झाडाची निघाली. झाडाने स्वतःच्या फांदीतून मुळं फोडून स्वतःच्याच अंगावरच्या मातीत घातली होती. १९८१ मध्ये हे ‘सायन्स’ नियतकालिकात छापून आलं. उष्णकटिबंधातल्या झाडांतही हाच प्रकार आढळला आणि मोंतेवेर्दे ही त्यांची पुढच्या कित्येक वर्षांची कर्मभूमी झाली.

आपल्याला वडाच्या पारंब्या ठाऊक असल्यामुळे फांदीला मूळ फुटण्याचं नवल वाटत नाही. पण पारंबी जमिनीकडे धाव घेते. हे मूळ मात्र खाली यायच्या भानगडीतच पडत नाही. ढगाने आणून टाकलेला नत्र भाडेकरूंनी धरून ठेवलेला असतो आणि घरमालक माडीवरच ताट मांडून बसतो.

ही माती काढून टाकली तर किती दिवसांत परत येते, हेही नाडकर्णींनी फांद्या खरवडून पाहिलं. इतक्या ओल्या हवेत सहा महिन्यांत सगळं पूर्ववत होईल असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात पहिली काही वर्षं त्या फांद्या जवळजवळ उघड्याच राहिल्या. हिरवं परत येऊ लागलं तेही शेजारच्या गालिच्यातून सरकत नव्हे, तर फांदीच्या पोटाकडच्या, खालच्या बाजूने. त्यामुळे एखादी जुनी फांदी कोसळली की कुणाच्या तरी आयुष्याएवढा काळ खाली पडतो.

हे जंगल टिकलं त्याला कारण ढगांइतकीच एका धर्मपंथाची हट्टी माणसं. लष्करभरतीला नकार देणारी काही क्वेकर कुटुंबं अमेरिकेतलं अलाबामा सोडून १९५१ मध्ये इथे आली. कोस्टा रिकाने १९४८ मध्ये सैन्यच बरखास्त केलं होतं. त्यांनी गाई पाळल्या, चीज केलं, त्यासाठी रानही तोडलं, पण पाण्याचा उगम असलेल्या माथ्यावरच्या झाडांना हात लावला नाही. १९७२ मध्ये तिथे राखीव जंगल झालं.

त्याच माथ्यावर सोनेरी भेक राहायचा. इंच-दोन इंचांचा, नर भगव्या दिव्यासारखा झळाळणारा. जगात फक्त इथे, दहा चौरस किलोमीटरच्या आत. वर्षभर जमिनीत, वळवाच्या पहिल्या पावसांत काही दिवस बाहेर, मुळांतल्या डबक्यांत अंडी घालायला. १९८७ मध्ये संशोधकांनी दीड हजारांवर मोजले. १९८८ मध्ये दहा-अकरा. १९८९ मध्ये एक नर. त्यानंतर कुणालाही दिसला नाही. कातडीवर वाढणारी कायट्रिड बुरशी हा मुख्य संशयित. १९८६-८७च्या एल निन्योने पाडलेला कोरडेपणा तिच्या मदतीला आला असावा. तापमान वाढल्याने ढगांचा तळच वर सरकतोय का, यावर शास्त्रज्ञांचे वाद झाले. एवढ्याशा जागेत अडकलेला प्राणी किती लवकर हातचा जातो, हे आंबोलीच्या पठारावरचा, २००९ मध्ये विज्ञानाला नव्याने ओळख झालेला आंबोली भेक आठवून बघावं.

ढग वर गेले तर झाडावरच्या मातीचं काय होईल, हे मात्र थेट करून पाहता येत होतं. नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्याने माथ्याजवळच्या झाडांवरचे अपिवनस्पतींचे गालिचे मातीसकट उचलले आणि डोंगरात थोडंच खाली, जिथे ढग कमी पोचतात, तिथल्या झाडांवर नेऊन बसवले. काही गालिचे माथ्यावरच एका झाडावरून दुसऱ्या झाडावर हलवले, म्हणजे उचलाउचलीनेच मेले असं म्हणायला नको. माथ्यावरचे व्यवस्थित जगले. खालच्यांची पानं गळू लागली, नवी कमी फुटली, आणि त्या अपिवनस्पती अकाली मेल्या. मग त्या उरलेल्या मातीतून, उंच फांदीवर, भलतीच रोपं उगवून आली. ती होती जंगलातल्या मोकळ्या जागेत, जमिनीवर वाढणाऱ्या वृक्षांची. त्यांचं बी आधीपासून त्या मातीत पडून होतं.