हम्मस

हम्मस : शिजवलेले काबुली चणे, ताहिनी म्हणजे तिळाचे सैलसर वाटण, लिंबाचा रस, लसूण व मीठ यांचा मऊ पदार्थ. पूर्ण अरबी नाव ‘हुम्मुस बि तहिना’. भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील लेव्हांट प्रदेशात, म्हणजे आजच्या सीरिया, लेबनॉन, पॅलेस्टाइन, इस्रायल व जॉर्डन या पट्ट्यात, तो रोजच्या खाण्यातला आहे. आपल्याकडच्या हॉटेलांत तो वाटीभर ‘डिप’ म्हणून पुढे येतो. त्याच्या मूळ मुलखात मात्र तो सकाळ-दुपारचे पोटभरीचे खाणे असून पसरट ताटलीत बहुधा गरम किंवा कोमट वाढतात. जेरुसलेम, याफा, अक्का अशा शहरांतली जुनी हम्मसची दुकाने सकाळपासून चालतात आणि पातेले रिकामे झाले की दुपारीच बंद होतात.

कृती : घरी केलेले हम्मस रवाळ होते यात दोष बहुधा मिक्सरचा नसतो, चणे कमी शिजलेले असतात. २०० ग्रॅम चणे भरपूर पाण्यात रात्रभर भिजवावेत. मोठ्या टपोऱ्या चण्यांपेक्षा बारीक दाणा बरा. दुसऱ्या दिवशी पाणी बदलून, पाव चमचा खाण्याचा सोडा घालून शिजवावेत. चण्याच्या पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन सोड्यामुळे लवकर विरघळते व साले सुटतात. बोअरवेलच्या जड पाण्यातील कॅल्शियम नेमके उलट काम करते, म्हणून तिथे सोड्याला पर्याय नाही. सोडा जास्त पडला तर मात्र साबणासारखी चव येते. कुकर चालतो, पण सोड्यामुळे फेस फार येत असल्याने तो निम्म्याहून कमी भरावा. दाणा दोन बोटांत धरताच त्याचा लगदा झाला पाहिजे. आमटीला किंवा छोल्यांना जेवढे शिजवतो तेवढे इथे पुरत नाही. लिंबू शिजताना घालू नये. आंबटपणाने दाणा कडक राहतो.

ताहिनी विकत मिळते, पण घरी करणे अवघड नाही. साल काढलेले पांढरे तीळ मंद आचेवर जेमतेम गरम होईपर्यंत भाजावेत. चिक्कीसाठी भाजतो तितके भाजले तर कडवटपणा उतरतो. मग तेल सुटेपर्यंत मिक्सरमध्ये फिरवावेत. गरज पडल्यास चमचाभर बिनवासाचे तेल घालावे. २०० ग्रॅम कोरड्या चण्यांना १२० ते १५० ग्रॅम ताहिनी लागते. हे प्रमाण वाचून बरेच जण हात आखडतात आणि तिथेच चव हुकते.

लसणाच्या दोन पाकळ्या ठेचून तीन-चार चमचे लिंबाच्या रसात दहा मिनिटे ठेवल्या की लसणाचा उग्रपणा दबतो. हा रस गाळून ताहिनीत घालावा व थोडे थोडे बर्फाचे पाणी घालत घोटावे. ताहिनी आधी घट्ट होऊन गोळा धरते. इथे घाबरून थांबू नये. आणखी पाणी पडले की ती सैल होते व रंगाने पांढरट पडते. त्यात चणे व मीठ घालून पाच मिनिटे तरी फिरवावे. श्रीखंडापेक्षा थोडे सैल असतानाच थांबावे, कारण निवल्यावर ते आळते. ऑलिव्ह तेल मिक्सरमध्ये घालण्याऐवजी वाढताना वरून सोडावे. पात्याखाली ते कधी कधी कडू होते. फ्रीजमध्ये हे तीन-चार दिवस टिकते.

ताटलीत चमच्याच्या पाठीने मधोमध खळगा करून त्यात तेल, अख्खे चणे, जिरेपूड किंवा फूल (शिजवलेला बाकला) घालतात. सोबत पावासारखी चपटी रोटी, कच्चा कांदा व लोणचे. चणे न वाटता कोमट ताहिनीत मिसळले की त्याला मसबहा म्हणतात. लेबनॉनमध्ये वर चरबीत शिजवून टिकवलेले मटण, तर दक्षिण तुर्कस्तानात तापवलेले लोणी व पास्तिर्मा हे सुकवलेले मांस येते.

इतिहास : चण्याची लागवड आग्नेय तुर्कस्तानच्या परिसरात सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी सुरू झाली. पदार्थाचा लेखी पुरावा त्या मानाने अलीकडचा आहे. तेराव्या-चौदाव्या शतकांतील सीरिया व इजिप्तच्या अरबी पाकग्रंथांत कुटलेल्या चण्यांच्या थंड पदार्थांच्या कृती आढळतात. एकीत व्हिनेगर व खारवलेले लिंबू आहे पण ताहिनी नाही. दुसरीत ताहिनी आहे, पण सोबत सुकामेवा, पुदिना व मसाल्यांची गर्दी आहे. आजचे साधे हम्मस यांतून केव्हा घडले, हे एका शहरावर किंवा सालावर बोट ठेवून सांगता येत नाही. बाराव्या शतकातील सुलतान सलादिनने ते शोधले ही कथा निराधार आहे. बायबलमधील रूथच्या कथेत (२:१४) भाकर ज्यात बुडवली जाते ते हम्मसच, असाही एक दावा केला जातो. त्या शब्दाचा रूढ अर्थ मात्र व्हिनेगर असा आहे.

मूळाचा वाद : हा वाद कृतीपेक्षा सीमांचा आहे. आजच्या सीमा पडण्यापूर्वी हा सारा पट्टा अनेक शतके ऑटोमन (तुर्की) साम्राज्यात होता. लेबनॉनच्या आजच्या सीमा १९२० मधल्या, इस्रायलची स्थापना १९४८ मधली. तरीही २००८ मध्ये लेबनॉनच्या उद्योजक संघटनेने, ग्रीसला फेटा चीजसाठी मिळाले तसे नावाचे संरक्षण हम्मसला युरोपीय संघाकडून मिळावे, अशी मोहीम उघडली. ते मिळाले नाही. मग विक्रमांची चढाओढ लागली. २००९ मध्ये बैरूतमध्ये सुमारे दोन टनांचे हम्मस झाले. जानेवारी २०१० मध्ये जेरुसलेमजवळच्या अबू घोशमध्ये चार टनांहून अधिक हम्मस उपग्रहाचे संदेश पकडणाऱ्या डिश अँटेनाच्या तबकडीत वाढले गेले. मे महिन्यात लेबनॉनने १०,४५२ किलोंचे हम्मस केले. देशाचे क्षेत्रफळ तितकेच चौरस किलोमीटर आहे. गंमत अशी की इस्रायलच्या नावावर विक्रम नोंदवणारे अबू घोश हे अरब गाव आहे.

‘हम्मस साऱ्यांचेच’ असे म्हणून वाद मिटवणे सोपे आहे, पण त्यात पॅलेस्टिनी लोकांची तक्रार बाजूला पडते. गावे व जमीन गेली, त्याच मातीतला पदार्थ जगभर ‘इस्रायली’ म्हणून विकला जातो, हा त्यांचा आक्षेप आहे. दुसऱ्या बाजूला सीरियातील अलेप्पो-दमास्कसच्या ज्यू घरांत हम्मस पूर्वापार होते, हेही खरे. पोलंडहून इस्रायलला आलेल्या ज्यूंच्या स्वयंपाकात मात्र ते नव्हते, आणि कोकणातून गेलेल्या मराठीभाषक बेने इस्रायलांच्याही नाही. त्यांच्याकडे नारळाच्या दुधातली कालवणे आणि पोह्यांचा मलिदा. म्हणून हम्मसचे नाते धर्माशी जोडण्यापेक्षा प्रदेशाशी जोडणे अधिक योग्य ठरते.

अमेरिकी बाजारात डब्यातले हम्मस रुजवण्यात न्यूयॉर्कमध्ये १९८६ साली सुरू झालेल्या साब्रा कंपनीचा वाटा मोठा आहे. २००८ पासून ती पेप्सिको व इस्रायलच्या स्ट्राउस समूहाची भागीदारी होती, आणि त्यामुळे इस्रायलविरोधी बहिष्काराच्या मोहिमांचे लक्ष्यही. २०१० मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात साब्राला पर्यायी हम्मस ठेवावे का यावर विद्यार्थ्यांचे मतदान झाले. ठराव फेटाळला गेला. २०२४ च्या अखेरीस साब्रातला स्ट्राउसकडचा निम्मा हिस्सा पेप्सिकोने विकत घेण्याचे जाहीर केले.