कोविड-१९ टाळेबंदी आणि ग्रामीण महाराष्ट्राची अन्नसुरक्षा

कोविड-१९ च्या साथीत, विशेषतः २५ मार्च २०२० पासून लागू झालेल्या देशव्यापी टाळेबंदीत, ग्रामीण महाराष्ट्रातील कुटुंबांच्या अन्नावर आणि रोजगारावर आलेले संकट. विकसनशील देशांत त्या काळात जे घडले त्याचा हा एक नमुना. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने एप्रिल २०२० मध्येच इशारा दिला होता, की तीव्र उपासमारीच्या छायेतील लोकांची संख्या १३.५ कोटींवरून वर्षअखेर २६.५ कोटींवर जाऊ शकते. पूर्व आफ्रिकेत त्याच सुमारास टोळधाड होती, व्हिएतनामने तांदळाची निर्यात काही काळ रोखून धरली होती. तरी बहुतेक देशांत पीक बुडाले नव्हते, बुडाली होती ती मजुरी.

महाराष्ट्रात हे फार ठळकपणे दिसले. १ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय साठ्यात गहू-तांदूळ मिळून ७ कोटी टनांहून अधिक धान्य होते. राखीव साठ्याचा निकष जेमतेम २.१ कोटी टनांचा. पुढे पाऊसही चांगला झाला. राज्याच्या २०२०-२१ च्या आर्थिक पाहणीत एकूण अर्थव्यवस्था ८ टक्क्यांनी घटेल, पण शेती व संलग्न क्षेत्र ११.७ टक्क्यांनी वाढेल असा अंदाज होता. या आकड्यांवरून ‘शेतीने तारले’ असे तेव्हा पुष्कळदा म्हटले गेले. शेतमाल तरला हे खरे. शेतमजुराच्या घरातली चूल हा वेगळा प्रश्न होता.

टाळेबंदीची वेळ वाईट होती. मार्चअखेर द्राक्षांचा हंगाम भरात असतो, कोकणात आंबा सुरू होतो, उन्हाळी भाजीपाला निघतो आणि साखर कारखान्यांचे गाळप आवरत आलेले असते. शेतीमालाची वाहतूक आणि बाजार समित्या नियमानुसार चालूच होत्या. प्रत्यक्षात हमाल गावी गेलेले, ट्रकला चालक मिळेना, हॉटेले आणि मंगल कार्यालये बंद. नाशिक-सांगलीकडच्या अनेक बागाईतदारांनी पडेल भावात द्राक्षे देण्याऐवजी बेदाणा केला. हापूसवाल्यांनी पेट्या थेट मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांच्या फाटकापर्यंत पोचवल्या, आणि ज्यांच्याकडे फोन, गाडी व ओळखी होत्या त्यांचा त्यात फायदाही झाला. कुक्कुटपालकांचे कंबरडे तर टाळेबंदीआधीच, कोंबडीतून कोरोना होतो या फेब्रुवारीतल्या अफवेने मोडले होते. दुधाचे दर कोसळल्यावर राज्य सरकारने रोज १० लाख लिटर दूध २५ रुपये लिटरने घेऊन त्याची भुकटी करण्याचे ठरवले; तरीही जुलै-ऑगस्टमध्ये दूधदरासाठी आंदोलने झालीच. कांद्यावरची निर्यातबंदी १५ मार्चला उठली होती. भाव चढताच १४ सप्टेंबरला ती पुन्हा लागली.

आठवडे बाजार बंद पडल्याची नोंद मात्र त्या मानाने कमी झाली. गावाकडे हा बाजार नुसता खरेदीचा नसतो. सकाळी पाटीभर भाजी, चार गावठी अंडी किंवा ओढ्यातले मासे विकायचे आणि त्याच पैशांतून दुपारी तेल, मीठ, मिरची, चहापूड घेऊन परतायचे, असे कित्येक घरांचे रोख अर्थशास्त्र त्यावर चालते. बाजार थांबला की विकायची जागा गेली आणि घ्यायला पैसाही गेला. रेशनचा तांदूळ घरात असतानाही तेल-मिठावाचून अडलेली घरे होती, ती यामुळे.

स्थलांतरित मजूर यात सर्वाधिक भरडले गेले. बीड, अहमदनगर या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास निघणारे ऊसतोड कामगार तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातल्या फडांवर होते. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडून, घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) फिटेपर्यंत राबायचे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. रेशनकार्ड गावचे, म्हातारी माणसे गावात, आणि कामकरी जोडपे पोरांसह फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्यावर हे लोक तिथेच अडकले. १७ एप्रिलला राज्य सरकारने तपासणीच्या अटीवर त्यांना परतीची मुभा दिली आणि एक लाखाहून अधिक लोकांचा मार्ग मोकळा झाला.

परराज्यांतल्या मजुरांची वाट याहून बिकट होती. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले मध्य प्रदेशातील १६ मजूर मालगाडीखाली सापडले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले हे लोक भुसावळकडे चालत निघाले होते. वाटेसाठी बांधून घेतलेल्या भाकऱ्या रुळांवर विखुरलेल्या होत्या, आणि ते छायाचित्र देशभर पाहिले गेले.

रायगड, ठाणे, पालघरकडच्या कातकरी या आदिवासी जमातीच्या कुटुंबांची अडचण आणखी निराळी. वीटभट्टीवर आठवड्याला खर्ची (घरखर्चापुरते पैसे) मिळते आणि खरा हिशेब हंगाम संपताना, पावसाच्या तोंडावर होतो. हंगाम मध्येच तुटला तेव्हा हातात खर्चीपलीकडे काही नव्हते आणि अंगावरची उचल तशीच पुढच्या वर्षावर गेली. जमीन नावावर नसल्याने प्रधानमंत्री किसान योजनेचे २,००० रुपयेही यांच्यापर्यंत आले नाहीत.

शासकीय उपायांचा कणा रेशन हाच होता. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना महिन्याला माणशी ५ किलो आणि अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब, कुटुंबांना एकत्रित ३५ किलो धान्य मिळते. २६ मार्च २०२० रोजी जाहीर झालेल्या प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेने त्याशिवाय माणशी ५ किलो मोफत धान्य आणि कुटुंबाला १ किलो डाळ दिली. सुरुवातीला तीन महिन्यांसाठी असलेली ही योजना मधल्या खंडानंतर वाढत वाढत डिसेंबर २०२२ पर्यंत चालली. केशरी कार्डांपैकी जी या कायद्याबाहेर होती, त्यांना राज्याने मे-जूनमध्ये ८ रुपये किलोने गहू आणि १२ रुपये किलोने तांदूळ दिला. शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला १० रुपयांत सुरू झाली होती. टाळेबंदीत ती ५ रुपयांवर आली आणि तालुक्यांपर्यंत पोचली.

धान्य पोचले, आणि मोठ्या प्रमाणावर पोचले, हे मान्य करायला हवे. त्यावाचून २०२० चा उन्हाळा कसा गेला असता याची कल्पना करवत नाही. पण डाळ कार्डामागे एक किलो, मग घरात दोन तोंडे असोत की नऊ. लग्न होऊन वेगळी चूल मांडलेल्या मुलाचे नाव बापाच्याच कार्डावर, आणि सुनेचे माहेरच्या. शाळा-अंगणवाडीतले गरम जेवण बंद होऊन त्याऐवजी शिधा घरी आला, तेव्हा पोराच्या वाट्याचे मूठभर कडधान्य सगळ्या घराच्या आमटीत गेले. साथीच्या आधीच, २०१९ मध्ये झालेल्या कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील पाच वर्षांखालील ३६ टक्के बालके कमी वजनाची आढळली होती. गहू-तांदळाने पोट भरते. ही तूट भरत नाही.

रोजगार हमी ही महाराष्ट्राचीच देणगी. १९७२ च्या दुष्काळातून ती उभी राहिली, विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी तिला आकार दिला, आणि पुढे त्याच कल्पनेवर देशाचा कायदा झाला. २० एप्रिल २०२० नंतर या कायद्याखालची, म्हणजे ‘मनरेगा’ची, कामे पुन्हा सुरू झाली, त्या वर्षी राज्यातला दर दिवसाला २३८ रुपये होता. केंद्राने मूळ ६१,५०० कोटींच्या तरतुदीत ४०,००० कोटींची भर घातली. शहरातून परतलेल्या तरुणांनाही मस्टरवर (हजेरीपटावर) नाव लावावेसे वाटले, यातच त्या वर्षाची स्थिती कळते.

आदिवासी कुटुंबांसाठी १९७८ पासूनची, मधल्या काळात थांबलेली खावटी योजना ऑगस्ट २०२० मध्ये अनुदान म्हणून पुन्हा आणण्यात आली. ११.५५ लाख कुटुंबांना प्रत्येकी ४,००० रुपये, निम्मे खात्यात आणि निम्मे वस्तुरूपाने. खावटी मुळात पावसाळ्यातल्या उपासाच्या महिन्यांसाठी. त्या पावसाळ्यासाठी ठरलेला शिधा बऱ्याच पाड्यांवर पोचला तो पुढच्या पावसाळ्यात.

१ जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षा कायद्याखालील धान्यच मोफत झाले. मात्र महाराष्ट्रातील लाभार्थ्यांची कमाल संख्या सुमारे ७ कोटींवरच राहिली, कारण ती २०११ च्या जनगणनेवरून ठरली आहे. नवी जनगणना २०२१ मध्ये व्हायची होती. ती याच साथीमुळे लांबणीवर पडली आणि आता तिचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ ठरवण्यात आला आहे.