लिनक्सवरचं वायफाय: ड्रायव्हर आपला, फर्मवेअर कंपनीचं

लॅमिंग्टन रोडवरून जुना लॅपटॉप घ्यायचा, त्यावर लिनक्स टाकायचं आणि वायफायच दिसत नाही म्हणून मोबाइल यूएसबीने जोडून नेट मिळवायचं, हे मुंबईतल्या कितीतरी विद्यार्थ्यांनी केलेलं आहे. शिव्या लिनक्सला बसतात. दुखणं मात्र कार्डात आहे आणि बरंच जुनं आहे.

बहुतेक वायफाय कार्डांवर स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो. त्याचा प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, बऱ्याचदा कार्डात भरलेला नसतो; ड्रायव्हर, म्हणजे कार्डाशी बोलणारा लिनक्समधला प्रोग्राम, तो डिस्कवरून उचलून कार्डात चढवतो. ड्रायव्हर चिकाटी असेल तर कुणीही लिहू शकतं. फर्मवेअर कंपनीचं, आणि ते वाटायची परवानगीही तिच्याच हातात.

ब्रॉडकॉम कंपनीच्या वायफाय चिप याचं सगळ्यात त्रासदायक उदाहरण. आधी एनडिसरॅपर नावाचा प्रोग्राम वापरून विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्समध्ये पळवायचे. चालायचा, पण अडला की आत काय बिघडलंय ते कळायला मार्ग नसे. मग स्वयंसेवकांनी चिपचं वागणं उलगडून स्वतःचा ड्रायव्हर लिहिला आणि २००६ मध्ये तो कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, २.६.१७ आवृत्तीत आला. फर्मवेअर वाटायला तरीही बंदीच. म्हणून बी४३-एफडब्ल्यूकटर नावाचं हत्यार निघालं: कंपनीच्या ड्रायव्हरची फाइल उतरवायची आणि त्यातून फर्मवेअर कापून घ्यायचं. म्हणजे वायफायसाठी आधी नेट हवं! ब्रॉडकॉमने २०१० मध्ये खुला ड्रायव्हर दिला, तोही फक्त नव्या चिपपुरता.

इंटेलने फर्मवेअर वाटू दिलं, त्यामुळे तिची कार्डं लिनक्सवाल्यांची आवडती झाली. अथेरॉस कंपनीच्या चिपसाठीचा २००८ चा एटीएच९के ड्रायव्हर तर त्याहून सुटसुटीत, त्याच्या पीसीआय (संगणकाच्या आत बसणाऱ्या) कार्डांना फर्मवेअरची फाइलच लागत नाही.

पुढे फर्मवेअर लिनक्स-फर्मवेअर या वेगळ्या भांडारात गेलं. कर्नलमध्ये उरलेल्या फाइल्स २०१७ मध्ये ४.१४ आवृत्तीत काढल्या. आजच्या पुष्कळ तक्रारी इथून येतात: कर्नल नवा आणि फर्मवेअरचं पॅकेज जुनं. इंटेलचा ड्रायव्हर सर्वांत नवी आवृत्ती आधी मागतो, नाही मिळाली की एकेक पायरी खाली उतरतो. त्यामुळे डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, ‘एरर -२’च्या दोनचार ओळी दिसल्या तर घाबरू नका, -२ म्हणजे ती फाइल सापडली नाही, इतकंच. शेवटी एकही योग्य फर्मवेअर मिळालं नाही असं लिहून आलं, तर पॅकेज अद्ययावत करावं लागतं.

डेबियन या लिनक्स वितरणाने फक्त खुलं सॉफ्टवेअर द्यायच्या तत्त्वापायी असं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरबाहेर ठेवलं होतं. २०२२ मध्ये मतदान झालं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते आत आलं. माझ्या मते उशीरच झाला.

यूएसबी अडॅप्टर घेताना अजूनही फसगत होते. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एनच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, दुसरीपासून रिअलटेकची. नाव तेच राहिलं. दुकानदार जोडून बघू देत असेल तर आधी एलएसयूएसबी ही आज्ञा चालवून चिपचा आयडी तपासा.